पूजेला बसलेला ड्रमसेट

ज्ञानूतात्या रोज सकाळी तांब्याच्या बंबाच्या पोटावर दोन बोटांनी वाजवून पाहायचे. पाणी गार असलं की आवाज एक, तापत आलं की दुसरा, असं त्यांचं म्हणणं. कान जरासा कलता करून ते ऐकायचे आणि घराकडे तोंड करून जाहीर करायचे, "झालं तयार. जावा कुनीबी आंगुळीला."

हरणाकाकी बादली लावायच्या. पाणी बहुतेक वेळा कोमटच निघायचं.

"पल्टनीतबी आसंच सांगत हुतासा व्हय? लढाई जिकली म्हनून?" त्या विचारायच्या.

तात्या हसायचे. दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा बंबावर. आमच्या आणि त्यांच्या परसात एकच भिंत, त्यामुळे आमच्याही घरातली सकाळ त्याच आवाजाने सुरू व्हायची.

तात्या म्हणजे उंब्रजचे ज्ञानू कणसे. फौजेत होते, पण बंदूक खांद्यावर कमी आणि ड्रम गळ्यात जास्त. पलटणीच्या बँडमध्ये ते पुढच्या रांगेत चालत. निवृत्त होऊन गावी आले, ऊस लावला, आणि घरच्यांना न सांगता एका बंद पडलेल्या बँड पार्टीचा जुना ड्रमसेट उचलून आणला. टेम्पोतून तो उतरताना बघायला सगळी आळी जमली होती. जमिनीवर आडवा ठेवायचा मोठा बेस ड्रम, मांडीजवळचा चपटा साइड ड्रम, वर दोन मधल्या आकाराचे, आणि स्टँडवर डुलणाऱ्या पितळी झांजा. काकींनी एकदा सगळ्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, "ह्यातलं वाजवायचं कोन्तं आन् बसायचं कशावर?"

पुढे सांगलीच्या चांदणवेल ऑर्केस्ट्रात तात्या वाजवायला लागले. गणपती, नवरात्र, जत्रा, द्राक्षाच्या हंगामात तासगावकडचे कार्यक्रम. ऑर्केस्ट्रा चालवायचा पुष्कर, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, तात्यांहून वीस-बावीस वर्षांनी लहान. तो पेटी वाजवायचा आणि तारा जोडायचा, आणि दोन्ही कामं सारख्याच मायेने करायचा.

चौऱ्याण्णव साली पुष्करने ऑक्टोपॅड घेतला. पाटासारखी एक चपटी पेटी, तिच्यावर रबराचे आठ चौकोन. एकावर काडी मारली की ढोलकी, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर ड्रम, आणि एका चौकोनातून चक्क घोड्याच्या टापा निघायच्या. लोक टापांनाच टाळ्या वाजवायचे. पॅड पिशवीत मावायचा, मांडायला चुटकीसरशी. तात्यांच्या सेटला अर्धा टेम्पो लागायचा. त्या वर्षीच्या गणपतीत पुष्करने दोन कार्यक्रम पॅडवर केले, मग चार, आणि नवरात्र लागलं तेव्हा तात्यांचा ड्रमसेट सोप्यातल्या कोपऱ्यात चादरीखाली होता.

तात्या रागावले नाहीत. ते एस.टी.त बसले आणि सांगलीला गेले. पुष्कर तेव्हा ऑर्केस्ट्राची पहिली कॅसेट करत होता, घरच्या घरी. मुंबईच्या मावसभावाकडून त्याने चार पट्ट्यांचा टेपरेकॉर्डर आणला होता. एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरायचे आणि नंतर एकत्र करायचे, असं ते यंत्र. आठ गाणी ठरली होती आणि आठही पॅडवर होणार होती.

"एक गानं मला दे," तात्या म्हणाले. "एकच. त्यात माझा ड्रम तुझ्या पाटापरास बरा लागला न्हाई, तर पुन्यांदा इचारायला येनार न्हाई."

पुष्कर अडखळला. पॅडची वायर सरळ यंत्रात जाते, खोलीत टाचणी पडल्याइतकासुद्धा आवाज होत नाही. ड्रमचं तसं नाही. ड्रम हवेतून वाजतो, आणि माईक हवेतलं सगळंच उचलतो. "शिवाय तात्या, माझ्या बिल्डिंगमध्ये खाली नुकतं बाळंतपण झालंय. तुम्ही एक काडी मारलीत तर मला घर सोडावं लागेल."

"मग माझ्या घरी ये."

"तुमच्या घरामागे हायवे आहे."

तात्या हसले. त्याचाही विचार त्यांनी करून ठेवला होता. हायवे वर्षातून एकदा गप्प बसतो, खंडेनवमीला. त्या दिवशी सगळ्या गाड्या धुवायच्या, चाकांना हळदकुंकू लावायचं, टपाला हार घालायचा आणि उभ्या ठेवायच्या. विळा, कोयता, पान्हा, नांगर, ट्रक, सगळ्या हत्यारांना त्या दिवशी विसावा. "येक गाडी हलत न्हाई बग. तवाच भरायचं गानं."

पुष्करला हे पटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेप पुण्याला जायची होती, प्रती काढायला. त्याआधी जमलं तर ड्रम, नाहीतर पॅड. असं ठरलं.

अष्टमीला सकाळी पुष्कर यंत्राची पेटी मांडीवर घेऊन एस.टी.तून उतरला, आणि दिवसभर त्या दोघांनी मधली खोली उलटीपालटी केली. वर पत्रा होता. साइड ड्रमवर पहिली काडी पडताच पत्र्याने उत्तर दिलं, भिंतीने पत्र्याला उत्तर दिलं, आणि शेजारी आमच्या फळीवरचे पेले किणकिणले. तात्यांनी गव्हाची पोती आणून भिंतीला लावली. पत्र्याखाली दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या टाकल्या. एक उरली ती बेस ड्रमच्या पोटात कोंबली, म्हणजे आवाज घुमणार नाही, नुसता धप्प येईल.

"माझी लुगड्यांची गोधडी ढोलात घालतासा?" काकी दारातून म्हणाल्या.

"आगं, मऊ हाय म्हनून घातली."

"मऊ हाय ती मानसासाटी."

यंत्राच्या चार पट्ट्यांपैकी एकीवर पेटी आणि गाणं आधीच भरलेलं होतं. उरल्या तीन, म्हणून माईकही तीनच. एक बेस ड्रमच्या तोंडाशी, उशीवर निजवून. दुसरा साइड ड्रमच्या काठाशी. त्याला स्टँड पुरेना, तेव्हा गव्हाच्या डब्यात कुदळ उभी रोवली आणि तिच्या दांड्याला माईक बांधला. तिसरा वरून सगळं ऐकायला हवा होता. आढ्याला पाळण्याची जुनी कडी होती, तिला तो टांगला. पुष्कर प्रत्येक माईक बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचा, कानांवर हेडफोन चढवायचा, आणि म्हणायचा, "वाजवा." मग पुन्हा बोटभर.

बेसचा धप्प जमला. झांजा जमल्या. जमेना तो साइड ड्रम. त्याच्यावर काडी पडली की ठोक्यामागे एक बारीक टणटण लांबत राहायची. खोलीत ती कानाला खटकत नव्हती, पण टेपवर ऐकताना वाटे की कोणीतरी बादली आपटतंय.

रुमाल टाकला, तर ड्रम मुका झाला. तात्यांनी खिशातलं पाकीट ठेवलं, ते दुसऱ्या ठोक्याला उडून पडलं. पोळ्यांचं फडकं बांधलं, तेव्हा काकींनी येऊन ते निमूटपणे सोडून नेलं. संध्याकाळी देवीच्या मंडपातले कर्णे सुरू झाले आणि काम थांबलं.

"पॅडवर ही भानगड नसते," पुष्कर सहज म्हणाला, आणि म्हटल्यावर खाली बघायला लागला.

तात्या काड्या पुसत होते. "उद्या बगू," ते म्हणाले. "माईक आजाबात हलवू नगंस."

खंडेनवमीला सकाळी हायवे खरोखरच गप्प झाला. पलीकडच्या वळणावर आळीतल्या आप्पासोचा ट्रक नव्या नवरीसारखा सजून उभा होता. दोघांनी घाईने चहा घेतला आणि मधल्या खोलीचं दार उघडलं.

हरणाकाकी नुकत्याच पाटावरून उठत होत्या. बेस ड्रमच्या कातड्यावर मधोमध हळदकुंकवाची बोटं होती. साइड ड्रमवर झेंडूचा हार गोल घालून ठेवलेला. झांजांना फुलं, काड्यांची जोडी तबकात, तिन्ही माईकना कुंकू, कुदळीला तर दोनदा. समोर विळा, खुरपी, ऊसतोडीचा कोयता ओळीने मांडलेले. ड्रमसेटच्या पायाशी घरातली सगळी हत्यारं गोळा झाली होती. यंत्रापुढेही विड्याचं पान होतं.

पुष्करने आधी यंत्रावर टॉवेल टाकला. कुंकवाचा एक कण आत गेला असता तर मावसभावाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तात्या दारातच उभे होते. त्यांच्या ध्यानात हळूहळू येत होतं. हायवेवरच्या प्रत्येक गाडीचा विसावा त्यांनी हिशेबात धरला होता. आपल्याही घरात हत्यार आहे, हे तेवढं राहून गेलं होतं.

"आगं, ह्ये काय केलंस?"

"पूजा केली. आता शिवायचं न्हाई. उद्या निवद दावला की उचला."

"आमाला आजच वाजवायचंय की!"

"मग काल सांगायचं हुतं."

"हरणे, हत्यार म्हंजे विळा, कोयता..."

"आन् ह्ये काय हाय मग? ह्येच्यावरच भाकरी खाल्ली न्हवं?" काकींनी पदर खोचला. "इतकी वरसं नवरात्र आलं की ह्यो टेंपोत बसून सांगलीला. खंडेनवमीला मी विळा-खुरपं पुजायची आन् मनात म्हनायची, खरं हत्यार ऱ्हायलंच. यंदा पयल्यांदा घरात गावलाय."

ड्रमसेट यंदा घरात का गावला, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. पुष्कर टॉवेलची घडी उगीच नीट करत राहिला.

"तुमी सांगा," काकी त्याच्याकडे वळल्या. "तुमच्यात आज पेटी वाजवत्यात?"

"नाही," पुष्कर म्हणाला. "आईने पूजेत मांडली असेल."

"मग?"

दसऱ्याला संध्याकाळी पुष्करचा सांगलीत कार्यक्रम होता. तो नसता तर पॅड वाजवणारा पोरगा एकटा कार्यक्रम सांभाळू शकला नसता. तात्या म्हणाले, "तू जा, गड्या. तुजं काम थांबवू नगंस. न्हाई जमलं, न्हाई जमलं." ते हे इतकं सरळ म्हणाले की पुष्कर पुन्हा खाली बसला. उद्या नैवेद्य दुपारी झाला तर तीनची गाडी मिळते, तो म्हणाला. तोवर राहतो.

तो दिवस सुट्टीसारखा गेला. दोघं नदीवर जाऊन आले. तात्यांनी त्याला पलटणीतल्या गोष्टी सांगितल्या, त्यांत प्रत्येक वेळी परेडमध्ये चुकायचा तो दुसराच कोणीतरी असायचा. मधल्या खोलीचं दार बंद होतं. येता-जाता तात्या फटीतून आत बघत, आणि काकी त्यांना बघत.

"पळून जात न्हाई त्यो," त्या म्हणायच्या.

दसऱ्याला पुरणपोळ्या झाल्या. काकींनी देवाला आणि हत्यारांना नैवेद्य दाखवला आणि दार मोकळं केलं. तात्यांना काळजी हायवेची होती, पण बाहेर कालच्याहून शांत होतं. सगळा हायवे पुरणपोळी खाऊन झोपला होता. फक्त आप्पासो लुंगी नेसून ट्रकभोवती फिरत होता. त्याला पहिली फेरी मुहूर्तावर काढायची होती. तात्यांनी त्याला परसातूनच हाक मारली, "आप्पासो, वाईच दम धर रं. येक गानं हुंदे."

"लवकर उरका, तात्या. मुहूर्त चाललाय माझा."

आत आल्यावर तात्यांनी साइड ड्रमवरच्या हाराला हात घातला.

"हार आज उतरत्यात व्हय?" काकी म्हणाल्या. "उद्या सकाळी."

"आगं, हाराखाली वाजवू कसा?"

"आपटा फुलांवर. देवाचीच हायती. पन उतरायचा न्हाई."

वाद घालायला वेळ नव्हता. तात्या बसले. माईक परवा जिथे होते तिथेच होते, बोटभरही हलले नव्हते. पूजेला बसलेल्या वस्तूला घरात कोणी धक्का लावला नव्हता. पुष्करने तात्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. कान झाकले गेल्यामुळे तात्या आता ओरडूनच बोलत होते. "सुरू कर! मला आयकू येतंय! तुमाला येतंय का?"

"अख्ख्या गावाला येतंय," काकी म्हणाल्या.

पुष्करने बटण दाबलं. पलटणीत लागलेली सवय, तात्या मोठ्याने म्हणाले, "एक, दो, एक, दो," आणि काडी पडली.

पहिल्याच ठोक्याला पुष्करने मान वर केली. टणटण नव्हती. हार ठोक्यासरशी किंचित उडायचा, आवाज मोकळा सुटायचा, आणि हार परत खाली बसला की टणटणीचं शेपूट तिथल्या तिथे तुटायचं. ठोका नेटका, कोरडा, आणि तरीही जिवंत. परवा दिवसभर तीन वस्तूंनी जे साधलं नव्हतं ते ओल्या झेंडूने साधलं. पुष्करने तात्यांना खूण केली नाही. ते बघतही नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते, खांदे सैल होते, आणि दर काडीला चार-दोन पाकळ्या उडून त्यांच्या मांडीवर, कोयत्यावर, गव्हाच्या डब्यावर पडत होत्या. काकी दारात उभ्या होत्या, हलल्या नाहीत. मंचावर बसलेल्या आपल्या नवऱ्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गाणं संपलं. तात्यांनी मोठ्या झांजेवर शेवटचा ठोका दिला आणि ती वाजत राहिली, पातळ होत गेली. त्या पातळ आवाजात, मुहूर्त टळू नये म्हणून, आप्पासोने ट्रकचा हॉर्न दिला.

पुष्करने डोक्याला हात लावला. तात्यांना काही कळलंच नाही. "कसं झालं?" ते ओरडले.

मग तिघांनी मिळून ते ऐकलं. लहान स्पीकर, पण त्यातून ड्रम आला तो खोलीत होता तसाच आला, फक्त जरा लांबून. आधी "एक, दो," मग गाणं, मग झांज, मग हॉर्न. टेप थांबली. तात्या पाकळ्या झटकत होते, पण एकच जागा पुन्हा पुन्हा.

काकी आधी बोलल्या. "ट्रक चांगला आलाय."

पुष्कर हसला, मग गंभीर झाला. घड्याळाकडे बघून त्याने टेप पुढे सारली. "तात्या, आपलं ते दुसरं गाणं, जलद चालीचं, येतं ना तुम्हाला अजून? गाडीला वेळ आहे. तेही भरून घेऊ."

तात्यांनी नुसती मान हलवली आणि हेडफोन उलटा घातला. काकींनी तो काढून सरळ केला.

कॅसेट दिवाळीत आली. आठ गाण्यांपैकी सहांवर पॅड, दोनांवर तात्या. "एक, दो" पुष्करने काढून टाकलं होतं. हॉर्न मात्र झांजेत असा मिसळला होता की काढताना झांजही गेली असती, म्हणून तो राहिला. त्या गाण्याच्या शेवटी प्रवासी भरून जीप हाकणाऱ्या कितीतरी वडापवाल्यांनी आरशात बघून गाडी बाजूला घेतली. आप्पासोने कॅसेटच्या चार प्रती घेतल्या आणि भेटेल त्याला ऐकवल्या.

कार्यक्रमात पॅडच राहिला. ते कोणालाच बदलता येण्यासारखं नव्हतं, आणि तात्यांनी विचारलंही नाही. मागितलं होतं एकच गाणं, मिळाली दोन, आणि ते बोलण्याला पक्के होते. पण चादर त्यांनी पुन्हा टाकली नाही. दुपारी उसाकडून आले की बसायचे, दोन-चार चाली वाजवायचे, आणि मग जेवायचे. पुष्कर अधूनमधून यायचा. एकदा त्याने पॅड आणला आणि तात्यांना घोड्याच्या टापा वाजवून बघायला दिल्या. तात्या बराच वेळ टापा वाजवत बसले आणि म्हणाले, "घोडं झकास हाय. ड्रम मातर आजारी हाय तुजा."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तात्या गेले, शेतातून येऊन ओसरीवर टेकले असताना, फार त्रास न होता. त्याच्या आठवडाभर आधी कराडच्या वडाप जीपमध्ये मला ते दिसले होते. जीप नेहमीसारखी भरलेली. त्यांच्या शेजारी कोथिंबिरीचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती आणि झोपेत तिचं डोकं तात्यांच्या खांद्यावर कललं होतं. तासवड्याच्या पुढे ड्रायव्हरने पुष्करची कॅसेट घातली, आणि दुसऱ्या नंबरचं गाणं तात्यांचं निघालं. ड्रायव्हरला ते आवडत असावं. त्याने आवाज वाढवला. मी तात्यांकडे बघितलं. हा ड्रम माझा, असं आता ते सांगतील असं मला वाटलं.

तात्या खांदा न हलवता जरासे पुढे वाकले.

"आवाज वाईच बारीक कर रं, गड्या," ते म्हणाले. "बाईंचा डोळा लागलाय."